मुकादम आणि निळा टब

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू कशी आहेस? मी मजेत. फोनवर लिहिलं असतं, पण आईच्या फोनवरून लिहिलं की आई आधी माझं शुद्धलेखन तपासते, आणि तोवर मला काय लिहायचं होतं तेच मी विसरते. म्हणून पत्र.

काम असं आहे की आमच्या बाईंनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या आणि मला आली ‘मासे, उभयचर आणि सरपटणारे प्राणी यांतला फरक’. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंय. शेजारच्या बाकावरचीला आला ‘माझा आवडता रंग’! माझं नशीबच फुटकं. पुस्तकातलं मी पाठ केलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. मासा पाण्यात राहतो, बेडूक पाण्यात राहतो, मगरही पाण्यातच राहते. मग तिघं तीन घरचे कसे? तू मत्स्यालयात रोज शाळेच्या पोरांना हेच सांगतेस ना? मग भाचीलाही सांग.

दुसरी बातमी. आपल्या खालच्या मजल्यावरचे घड्याळआजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्या मुलीकडे गेलेत. (तू आली होतीस तेव्हा त्यांनी तुझं घड्याळ दुरुस्त करून दिलं होतं आणि तू ते जिन्यातच पुन्हा पाडलंस, तेच.) जाताना त्यांनी मुकादम माझ्याकडे दिला. मुकादम म्हणजे त्यांचं कासव. आजोबा घड्याळं उघडून बसले की तो अंगणभर फिरतो आणि प्रत्येक कुंडीपाशी थांबून काम नीट झालंय का ते बघतो, म्हणून मुकादम.

टॅक्सी दारात उभी होती, त्यामुळे आजोबा एवढंच म्हणाले, “पाला घाल आणि मांजरापासून जप.” मुकादम लाकडी खोक्यात आहे, खाली गवत. आत्या, तो फार कोरडा दिसतो गं. पायांना तर भेगाच पडल्यात. एका कोपऱ्यात तोंड घालून बसतो. त्याला खोकं आवडत नसणार. कुठे ठेवू त्याला? तुला सगळं माहीत असतं. लवकर कळव.

तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगराबाई,

तिकीट उलटं चिकटवलंत, तरी पत्र पोचलं. आता कान टवकारा.

पोरं मला नेहमी विचारतात, हा कुठे राहतो, तो कुठे राहतो. मी म्हणते, पत्ता विचारू नका, श्वास कशाने घेतो ते विचारा. पत्त्याचं काय घेऊन बसलात? मीही निम्मा दिवस गमबूट घालून पाण्यातच उभी असते. म्हणून काही मी मासा होत नाही.

मासा श्वास घेतो कल्ल्यांनी. तोंडाने पाणी आत, कल्ल्यांवरून बाहेर, आणि जाता जाता त्या पाण्यात विरघळलेली हवा रक्तात. हातापायांच्या जागी पर, अंगावर खवले. त्याला बाहेर काढलं की कल्ल्यांच्या पाकळ्या भिजलेल्या वहीच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात. भोवती एवढी हवा, पण बिचारा गुदमरतो.

बेडूक म्हणजे उभयचर. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, हा पाहुणा मात्र दोन्हीकडे जेवून येतो. लहानपणी त्याला कल्ले आणि शेपटी असते. तेव्हा त्याला पाहिलंस तर मासाच म्हणशील. मग पाय फुटतात, शेपटी जिरते, फुप्फुसं येतात. शिवाय त्याची कातडी ओली, मऊ असते आणि तिच्यातूनही तो थोडा श्वास घेतो. कातडी वाळली की त्याची पंचाईत. अंडीही बिनकवचाची, चिकट, म्हणून बहुतेकदा पाण्यात किंवा ओलीतच घालतो.

पाल, साप, कासव, मगर हे सरपटणारे. यांची कातडी कोरडी आणि खवल्यांची, अंगातलं पाणी आतच राखणारी. अंड्यांना कवच. मगर जन्मभर पाण्यात राहील, पण अंडी घालायला काठावरच येणार. आणि मुख्य गोष्ट अशी की पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिल्या श्वासापासून फुप्फुसंच. कल्ले यांना बालपणीही नसतात. पाण्यात राहायचं असेल तर नाक वर काढायलाच हवं. एवढं सांगितलंस तरी बाई खूश.

मुकादमचं म्हणशील तर अगं, कासवाला खोक्यात काय कोंडतेस! मोठा टब घे, पाठ बुडेल एवढं पाणी भर आणि दे सोडून. बघ कसं तरतरीत होईल. आमची कासवं दिवसभर डुंबत असतात. बस आली फाटकाशी, साठ पोरं उतरतायत. पळते.

तुझी आत्या

२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझं भाषण झालं. बाई चांगलं म्हणाल्या. भिजलेल्या वहीचं सांगितल्यावर सगळे हसले.

माझ्या एका मैत्रिणीला काही प्रश्न आहेत. ती तुला ओळखत नाही म्हणून मी विचारते.

कासव झोपतं तेव्हा मान आत घेऊन झोपतं की बाहेर सोडून? सगळे पाय बाहेर आणि मान लांब अशी असेल तर ते झोपलेलंच असतं ना?

फुप्फुसात पाणी गेलं तर ते उलटं धरल्यावर बाहेर येतं का?

कासव बुडू शकतं का?

मुकादम मजेत आहे.

भिंगरी

२७ फेब्रुवारी

माझ्या शास्त्रज्ञ भाचीला,

हे प्रश्न मी इथे सगळ्यांना वाचून दाखवले. आमचे साहेब म्हणाले, साठ पोरांत एकही असं विचारत नाही. मला मेलं इतकं कौतुक वाटलं की आज माशांना दोनदा खायला घातलं. तुझ्या मैत्रिणीला शाबासकी सांग. (मैत्रीण कोण ते मला कळलं बरं का. लाजायचं कशाला?)

कासव बुडतं का? बुडतं! पाण्यातलं कासवसुद्धा बुडतं. आमच्या हौदात म्हणून तर मोठा दगड ठेवलाय. ती डुंबतात, वर येतात, दगडावर चढून अंग शेकतात. दगड नसेल, जाळ्यात अडकली, तर दमून बुडतील.

आणि जमिनीवरच्या कासवाची तर गोष्टच निराळी. पाण्यातल्याची पाठ चपटी, बोटांमध्ये पडदे. जमिनीवरच्याची पाठ घुमटासारखी उंच, आणि पाय हत्तीच्या पायांसारखे जाड, खांबच. त्या पायांनी कुठलं पोहणं? पाय भिजतील इतक्या उथळ पाण्यात त्याला खुशाल बसव, पण खोल पाण्यात ते धोंड्यासारखं तळाशी जातं. मान आणि पाय बाहेर टाकून हलत नसेल तर मात्र ती झोप नव्हे, ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं.

मुकादम चपटा आहे की घुमटवाला? त्याचं चित्र काढून पाठव. इथे भिंतीवर लावते.

आत्या

१८ मार्च

प्रिय आत्या,

चित्र पाठवलं नाही, कारण मुकादम पळून गेला. फाटक उघडं राहिलं होतं.

आजोबा परत आलेत. एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं नंतर करणार. हिरवा चष्मा लावतात. त्यांना आता खूप नीट दिसतं म्हणे, आणि ते रोज अंगणात मुकादमला शोधतात. कुंड्या हलवून बघतात. काल गटाराच्या जाळीवर पालथे पडून बघत होते, तर आईने त्यांना उठवलं. म्हणाली, “अहो, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय ना?” आजोबा म्हणाले, “डॉक्टरांचं कासव हरवलेलं नाही.”

ते मला म्हणाले, “तू तोंड पाडू नकोस गं. तो मोठा चालू आहे. मागेही एकदा शेजारच्या वखारीत जाऊन बसला होता.” आणि मुकादमला सांभाळलं म्हणून त्यांनी तिकडून माझ्यासाठी छोटं गजराचं घड्याळ आणलंय. लाल आहे. मी ते स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलंय, तरी ऐकू येतं.

आत्या, मत्स्यालयातल्या माणसाने चुकून काही चुकीचं सांगितलं तर त्याला कामावरून काढतात का?

मला जेवायला नको वाटतं. आईला वाटतं जंत झालेत.

भिंगरी

२२ मार्च

माझ्या भिंगरी,

तुझं पत्र काल दुपारी हातात पडलं. शेवटचा प्रश्न वाचून मी हसले आणि पत्र खिशात घातलं. पोर काय काय विचारते, म्हटलं.

मग पोरांचा जथा आला. मी नेहमीप्रमाणे पोपटासारखी सुरू झाले. मासा झाला, बेडूक झाला. कासवाच्या हौदापाशी आले आणि म्हणाले, “कासवाला काय लागतं? पाठ बुडेल एवढं पाणी, आणि...” पुढचं वाक्य ‘आणि वर चढायला दगड’ असं आहे. वर्षानुवर्षं म्हणतेय मी ते. काल माझी वाचाच बसली. तुला लिहिताना मी पहिलं अर्धं लिहिलं होतं, दुसरं लिहिलं नव्हतं. आणि मुकादम कसला आहे हे विचारलंच नव्हतं. एका लहानग्याने माझा गमबूट ओढून विचारलं, “मावशी, आणि काय?”

अंगणात फिरणारं, कुंडी कुंडी बघणारं, गवतावर बसणारं, कोरड्या पायांचं कासव. तू सगळं लिहिलं होतंस. दुसरं कुणी असतं तर मी त्याला म्हटलं असतं, डोळे फुटले होते का? आणि नंतर तू ‘मैत्रिणी’चे प्रश्न विचारलेस, तर मी ते साहेबांना कौतुकाने वाचून दाखवले. ते आठवून मला मान वर करता येत नाही.

मुकादम पळून गेला नाही. हो ना?

बाळा, पाणी तू भरलंस ते माझ्या सांगण्यावरून. मोठ्या माणसाचं ऐकलंस, त्यात तुझा दोष नाही. मला कामावरून काढायचं की नाही ते साहेब बघतील. मी त्यांना आज सांगणार आहे. ती काळजी तू का करायचीस? मला फक्त खरं काय झालं ते लिही. मी रागावणार नाही. रागवायचा हक्कच राहिला नाही मला.

आणि जेव.

आत्या

२७ मार्च

प्रिय आत्या,

लिहिते. पण तू समजतेस तसं नाहीये.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुण्याचा निळा टब घेतला. आई कामावर गेली होती. बादलीने पाणी भरलं आणि मुकादमला सोडलं. तो आधी खाली गेला, मग वर आला. मग टबाच्या कडेला पुढचे पाय लावून नखांनी खरवडायला लागला. कर कर आवाज येत होता. मान खूप वर केली होती. मला वाटलं, त्याला मजा येतेय, पोहतोय. पण खरं सांगू का, थोडंसं असंही वाटलं की त्याला बाहेर यायचंय. थोडंसंच. शाळेची वेळ झाली होती. आणि तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं ना, म्हणून मी त्याला टाटा केला आणि गेले.

आले तेव्हा तो तळाशी होता. मान लांब आणि पाय बाहेर. मी त्याला काढलं, उलटं धरलं, उन्हात ठेवलं. झोपला असेल म्हणून वाट पाहिली. तू ‘नाही’ म्हणेपर्यंत मला वाटत होतं की कदाचित मी झोपलेल्यालाच पुरलं. मग तुझं पत्र आलं.

पाण्याच्या टाकीमागे पुरलाय. माती खूप कडक होती. आईला मी फाटकाचं सांगितलं, आणि आजोबा आल्यावर त्यांनाही तेच सांगितलं.

तुझ्या पत्रात खरवडण्याचं नव्हतं. ते मी पाहिलं होतं. म्हणून तुझी चूक अर्धी आणि माझी अर्धी, किंवा माझी जास्त.

तू आजोबांना लिहू नकोस. ते तुझ्याविषयी नेहमी चांगलं बोलतात. म्हणतात, तुझी आत्या धांदरट आहे पण सोन्यासारखी आहे. ते तसंच राहू दे.

भिंगरी

३१ मार्च

आदरणीय आजोबा,

सप्रेम नमस्कार. मी तुमच्या वरच्या मजल्यावरच्या भिंगरीची आत्या. जिन्यात घड्याळ पाडणारी. डोळ्याला आता आराम असेल अशी आशा करते. हे पत्र त्या डोळ्याला त्रास देणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

तुमचा मुकादम पळून गेला नाही. तो पाण्याच्या टबात बुडून गेला. तुम्ही गेल्यावर भाचीने मला पत्र लिहून विचारलं होतं की त्याला कुठे ठेवू. मी घाईत, काही न विचारता, खोल पाण्यात सोड असं लिहिलं. जमिनीवरचं कासव पोहत नाही हे मी रोज शेकडो मुलांना सांगते. जिथे सांगायला हवं होतं तिथे सांगितलं नाही. पोरीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

फाटकाचं ती तुमच्याशी खोटं बोलली ते भीतीने, आणि बरंचसं मला वाचवायला. तिने मला तुम्हाला लिहू नकोस असं बजावलंय. पण तुम्ही गटाराच्या जाळीवर पालथे पडून शोधता हे कळल्यावर मला गप्प राहणं शक्य नाही. इतकी वर्षं सोबत राहिलेल्या जिवाची भरपाई होत नसते, म्हणून तसं काही बोलत नाही. मला काय बोलायचं ते बोला. तिला बोलू नका, एवढीच हात जोडून विनंती.

आपली,
भिंगरीची आत्या

६ एप्रिल

चिरंजीव भिंगरीची आत्या हिस,

मला पत्रं लिहायची सवय नाही. एका डोळ्याने लिहितोय, त्यामुळे अक्षर वरखाली झालं तर समजून घ्या.

तुमचं पत्र यायच्या आधीच पोर माझ्याकडे आली होती. मी एका भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बसवत होतो. दारातच उभी राहिली, हातात लाल घड्याळ. म्हणाली, “हे परत घ्या. मुकादम फाटकातून गेला नाही, मी त्याला मारला.” मग टबाचं, खरवडण्याचं, टाकीमागचं, सगळं एका दमात सांगितलं. मी विचारलं, “पाण्यात घालायचं तुला कुणी सांगितलं?” म्हणाली, “कुणी नाही. माझ्याच मनाने.”

दोन दिवसांनी तुमचं पत्र आलं. म्हणजे खरं सांगायला आली तेव्हाही एक खोटं बोलूनच गेली. त्या खोट्यावर कसं रागवायचं ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर कळवा.

तुमच्यावर मात्र रागावलो आहे, ते लपवत नाही. रोजचं काम ते, आणि एक साधा प्रश्न विचारला नाहीत. हा राग जायला वेळ लागेल. तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून तो लवकर जाईल, असंही नाही.

पण तुमच्यापुरतं बोलून थांबलो तर मीही लबाडच ठरेन. पोरीच्या हातात मुकादम देताना मी काय सांगितलं? पाला आणि मांजर. तो पाण्याला घाबरतो, हौदापाशी गेला की मागे फिरतो, हे मला ठाऊक होतं. ऑपरेशनची धास्ती घेतली होती. ती पोरीला दिसू नये म्हणून भराभर बोललो आणि टॅक्सीत जाऊन बसलो. एवढ्याशा पोरीने मग आणखी कुणाला विचारायचं?

आणि एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. पोर सगळं सांगून उभी राहिली होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी “बरं” म्हणालो आणि घड्याळाकडे वळलो. नुसतं “बरं”. ती लाल घड्याळ टेबलावर ठेवून जिना चढून गेली, ते मी ऐकलं. त्याला आता चार दिवस झाले. तिला अंगणात बघितलेलं नाही.

उद्या सकाळी मी वर जाणार आहे. जिना अजून नीट दिसत नाही, कठडा धरून चढावं लागतं. पण तिने यायचं आणि मी बसून राहायचं, हे एकदा झालं तेवढं पुरे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा

९ एप्रिल

प्रिय आत्या,

आजोबांनी मला सांगितलं की तू त्यांना लिहिलंस. मी तुला नको म्हटलं होतं. मला तुझा राग आला होता. आता थोडा गेला.

ते परवा सकाळी वर आले. आईने दार उघडलं. मी पलंगामागे होते. आईला काहीच माहीत नव्हतं, तिला वाटलं चहा प्यायला आलेत. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि मला म्हणाले, “त्या दिवशी मी चुकलो. तू सांगायला आलीस, तेव्हा मी तुझ्याशी बोलायला हवं होतं.” मग आईने विचारलं, “काय झालंय?” मग मी आईलाही सांगितलं. आई रडली. मला वाटलं होतं ती ओरडेल.

मग आजोबा म्हणाले, “चल, दाखव मला कुठे आहे तो.” मी त्यांचा हात धरून जिना उतरवला. टाकीमागे ओल आहे, घसरायला होतं, म्हणून हळू गेलो. मी जागा दाखवली. मी वर एक वीट ठेवली होती, कुत्र्याने उकरू नये म्हणून.

आजोबांनी टाकीला हात टेकला. मग म्हणाले, “त्याचं तोंड कुठल्या बाजूला केलंस?”

मी म्हटलं, “अंगणाच्या.”

ते “हां” म्हणाले. मग विटेवरची माती हाताने पुसली आणि तिथेच खाली बसले. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय, तरी. मी पण बसले.

भिंगरी